सीटपिलर हलतो का, ते आधी बघा

वरूड तालुक्यातले एक भाऊ विचारतात: कृषी सहायक आहे, रोज १८ ते २० किलोमीटर फिरणं होतं, निम्मं डांबरी, निम्मं पांदण. नागपुरात एका निवृत्त साहेबांकडे परदेशातून आणलेली ट्रेक ८३० माउंटन बाईक आहे. तीसेक वर्षं जुनी, गेली दहा वर्षं जिन्याखाली उभी. २१ गिअर, पुढे शॉकअप नाही, ब्रेक जुन्या पद्धतीचे. १२,००० सांगतात. तेवढ्यात दुकानात नवी कोरी गिअरवाली येते. मग जुनी घ्यावी का?

भाऊ, १२,००० ला घेऊ नका. ६,००० च्या आसपास मिळाली आणि सीटपिलर (सीटखालचा दांडा) जागचा हलला, तर नवीपेक्षा हीच घ्या. हे कशावरून म्हणतो ते सांगतो, जरा लांबेल.

माझं दुकान परतवाड्याला. वडिलांचा भाड्याच्या सायकलींचा धंदा होता, काळ्या, दांड्याच्या, २८ इंची. मी पाना धरला त्याला ३४ वर्षं झाली. मधली दोन वर्षं सीताबर्डीला एका दुकानात राहून गिअरच्या सायकली शिकलो. परतवाड्यापासून पुढे चिखलदऱ्याचा घाट लागतो, त्यामुळे ब्रेक घासलेल्या, रिम आऊट झालेल्या, चेन तुटलेल्या सायकली वरून आपोआप माझ्याकडेच उतरतात.

जुनी सायकल घेताना लोक नाव बघतात. मी तालुका बघतो. पावसाळ्यात मंगळवारी संध्याकाळी जो पार्ट तुटेल तो बुधवारी सकाळी वरूडला मिळतो का? मिळत असेल तर सायकल तुमची. नसेल तर ती कुरिअरवाल्याची, तुम्ही फक्त तिला सांभाळता.

या हिशोबात १९८५ ते ९५ च्या दरम्यानची बिनशॉकअपची लोखंडी माउंटन बाईक आपल्या खेड्याला चांगली बसते. तिच्यात सीलबंद असं फार काही नसतं. हब (चाकाचा मधला गाभा) उघडा, आत साधे छर्रे. मागच्या हबला बहुतेक वेळा दोन सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), एका बाजूला ९. पुढच्याला दीड सुती, एका बाजूला १०. हे छर्रे कुठल्याही गावच्या सायकल दुकानात बरणीत भरून ठेवलेले असतात. लागतात ते फक्त पातळ पाने, १३ आणि १५ नंबरचे. ते नागपूरहून एकदा आणले की जन्माचं काम झालं. मुळात ही सायकल जन्मली तीच जुगाडातून. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन भागात पोट्टे जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून सोडायचे. ब्रेक पायडल उलटं दाबून लागायचा आणि एका उतारातच हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली आलं की हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचं. त्या उताराचं नावच त्यावरून रिपॅक पडलं. कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेली पहिली माउंटन बाईक, स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर, आली १९८१ मध्ये. म्हणजे रस्त्याच्या कडेला बसून उघडायचीच ही चीज.

आता सीटपिलर. फ्रेम लोखंडाची, पिलर अॅल्युमिनियमचा. दहा वर्षं ओल लागली आणि मधे ग्रीस नसलं की दोन धातू एकमेकांना धरतात. पांढरी भुकटी होते, ती फुगते आणि पिलर फ्रेमचाच भाग होऊन जातो. बाहेरून काही कळत नाही. सायकल चालते, चकचकते, फोटोत झकास दिसते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी अमरावतीहून एक अशीच आणली मी, साडेतीन हजारांत. रंग असा की माझाच जीव गेला तिच्यावर. घरी आल्यावर पोरगा म्हणाला, बाबा, सीट खाली करा. बोल्ट सैल केला, पिलर हलेना. डिझेल सोडलं, दोन दिवस ठेवलं. मेडिकलमधून अमोनिया आणून नळीत ओतला. मग माझी अक्कल चालली आणि गॅसने तापवलं. अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही, त्यामुळे पिलर आणखीच आवळला. शेवटी पिलर व्हाइसमध्ये धरून आख्खी फ्रेम फिरवली, तर पिलर वरच्या वर मुरगळून तुटला आणि खालचं चार इंच आतच राहिलं. हॅकसॉचं पातं कापडात गुंडाळून आतून उभी चीर पाडत बसलो, तीन संध्याकाळी. पिलर निघाला, पण पातं एका जागी नळीतही घुसलं होतं. ती फ्रेम आजही दुकानात खुंटीला आहे, तिच्यावर मी ट्यूबा वाळत घालतो.

म्हणून नागपूरला गेल्यावर पहिलं काम हे. साहेबांना विचारा, माझी उंची वेगळी आहे, सीट वरखाली करून बघू का? याला कोणी नाही म्हणत नाही. पिलर पूर्ण बाहेर काढा आणि मोबाईलचा टॉर्च लावून नळीत आत बघा. तपकिरी पातळ थर असेल तर काही नाही, सगळ्या जुन्या लोखंडात असतो. पापुद्रे सुटत असतील, बोट फिरवल्यावर खपल्या हातात येत असतील, तर चहा प्या आणि परत या. पिलर निघालाच तर त्याच्या खालच्या टोकावरचा आकडा लिहून घ्या, २७.२ किंवा २६.८ असं काही असेल. ही मापं ०.२ मिलिमीटरच्या फरकाने असतात. जवळपासचा पिलर ठोकून बसवणारे मिस्त्री आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमचंही तेच. वरचा बोल्ट तीन-चार आटे सैल करा, पाना बोल्टवर धरून हलका ठोका द्या, स्टेम फिरला पाहिजे.

दुसरी तपासणी फ्रेमची, आणि ती डोळ्यांपेक्षा बोटांनी होते. हँडलच्या नळीच्या मागे, वरच्या आणि खालच्या दांड्याच्या खालून बोट फिरवा. सायकल पुढून कुठे धडकली असेल तर तिथे सुरकुती किंवा फुगवटा लागतो, रंगात बारीक आडवी चीर दिसते. लागला तर फ्रेम गेली. क्रोमोलीची (मजबूत मिश्र पोलादाची) नळी मधे फार पातळ असते, एक मिलिमीटरच्याही आत. आपल्याकडच्या ट्रॉली-वखराच्या वेल्डिंगवाल्याने त्यावर आर्क लावला की भोकच पडतं. गॅसवर पितळेची झाल मारणारा जुना माणूस असेल तर बारीकसारीक काम होतं, मडगार्डचा कान वगैरे. मुख्य दांडा नाही. आणि स्टिकर नीट वाचा: पुष्कळ फ्रेमवर फक्त तीन मुख्य नळ्या क्रोमोलीच्या असं लिहिलेलं असतं, चिमटा (पुढचं चाक धरणारा) आणि मागचे दांडे साध्या लोखंडाचे. चालवायला काही वाईट नाही, पण ‘सगळी क्रोमोली’ म्हणून भाव मागत असतील तर बोट ठेवायला जागा मिळते.

फ्रेम सरळ आहे का, याला दोरी पुरते. मागचं चाक काढा. दोरीचं एक टोक मागच्या एका खाचेला बांधा, हँडलच्या नळीवरून वळसा घालून दुसऱ्या खाचेला आणा, ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोरीचं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा. अर्ध्या सुतापर्यंत फरक चालतो. त्यापेक्षा जास्त असेल तर सायकल तिरकी पळणार आणि तुम्ही जन्मभर हँडलला दोष देणार.

वय खरं सांगतात का हेही बघता येतं. शिमानोच्या जुन्या पार्टांवर, क्रँकच्या (पायडलच्या हाताच्या) मागच्या बाजूला किंवा डिरेलरवर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा पार्ट), दोन इंग्रजी अक्षरांचा ठसा असतो. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ‘ए’ म्हणजे १९७६, तिथून मोजत या, म्हणजे ‘क्यू’ला १९९२ आणि ‘आर’ला १९९३. ‘आर-सी’ असेल तर मार्च १९९३ चा पार्ट. दहा पार्टांवर दहा वेगळी वर्षं असतील तर सायकल जोडून बनवलेली आहे. त्याने ती वाईट ठरत नाही, फक्त जुन्या वस्तूचा म्हणून जो भाव लावतात तो उतरतो.

टायरबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे मी शिकली-सवरलेली माणसं फसताना पाहिली. दुकानात जाऊन ‘२६ चा टायर द्या’ म्हणालात तर काय हातात येईल याचा भरवसा नाही. २६ × १.९५ आणि २६ × १ ३/८ हे दोन्ही ‘सव्वीस’च, पण रिमवर बसायचा व्यास पहिल्याचा ५५९ मिलिमीटर, दुसऱ्याचा ५९०. तब्बल ३१ मिलिमीटरचा फरक. पहिला माउंटन बाईकचा, दुसरा बहुतेक जुन्या लेडीज सायकलींचा. सोपी खूण म्हणजे दशांशाचा टायर अपूर्णांकाच्या रिमवर बसत नाही आणि अपूर्णांकाचा दशांशाच्या नाही. अगदी १.७५ आणि १ ३/४ सुद्धा एक नव्हेत. टायरच्या अंगावर ‘५०-५५९’ असं काही छापलेलं असतं, त्यातला ५५९ बघा आणि बाकी विसरा. ५५९ चा टायर हिरो रेंजरच्या कृपेने तालुक्याच्या गावी मिळतो, हीच या सायकलीची आपल्याकडे सगळ्यात मोठी जमेची बाजू. नव्या महागड्या सायकलींना २९ किंवा २७.५ ची चाकं असतात, त्यांचा टायर फाटला की नागपूर गाठा. व्हॉल्व्हही बहुधा मोटारसायकलसारखाच असतो, म्हणजे पेट्रोलपंपावर हवा भरता येईल. बारीक, लांब पितळी व्हॉल्व्ह असेल तर रिमचं भोक लहान असतं, ते बघून घ्या. गोखरू आणि बाभूळ तर तुम्हाला मी सांगायला नको.

तीस वर्षांचे मूळ टायर असतील तर ते कचऱ्यात धरा, नक्षी कितीही ठसठशीत दिसली तरी. रबर आपल्या उन्हात बाजूने तडकतं. रिमवर मात्र लक्ष द्या. ब्रेकचे गट्टे घासून घासून रिमची बाजू आत खोलगट होते. स्टीलची पट्टी आडवी लावा, मधे उजेड दिसला तर रिम संपत आली. चाक उचलून फिरवा. थोडं आऊट असेल तर निघतं. एक्सलचं टोक गोल फिरताना थरथरत असेल तर एक्सल वाकलेला, तो बदलावा लागेल.

मागची चकली फ्रीव्हीलची आहे की कॅसेटची, हे ओळखून ठेवा. दात उलटे फिरवा आणि मधल्या खाचांकडे बघा. खाचाही दातांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागच्या जागी राहिल्या तर आट्यांवर बसणारी फ्रीव्हील. फ्रीव्हील इथे मिळते, कॅसेट बहुतेक वेळा मागवावी लागते. मजबुतीत कॅसेटचा हब सरस, कारण त्यात उजवीकडचे छर्रे थेट फ्रेमजवळ येतात. सात गिअरच्या फ्रीव्हीलमध्ये ते आत राहतात, एक्सलचा तेवढा भाग लोंबकळतो आणि कॅरिअरवर वजन पडलं की तिथेच वाकतो. तुम्ही मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या बांधून पांदणीने जाणार म्हणून सांगतो.

चेनला टेप लावा. बारा आख्ख्या कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. अर्धा सूत वाढली असेल तर चेन बदला. एक सूत वाढली असेल तर चेनने मागचे दातही खाल्ले, दोन्ही बदला. नवी चेन जुन्या दातांवर घसरते आणि मग लोक म्हणतात, मिस्त्रीने फसवलं. ६, ७ आणि ८ स्पीडला चेन एकाच जातीची चालते, त्यामुळे मिळायला अडचण नाही.

क्रँक दोन्ही हातांनी बाजूला हलवा. दोन्ही बाजूंनी एकदम खडखड आली तर बीबी (दोन्ही क्रँक जिच्यावर फिरतात ती मधली बेअरिंग) ढिली, ती बदलता येते. एकच हात हलत असेल तर त्याचा चौकोनी गाळा मारला गेलाय का बघा. सैल क्रँकवर कोणी महिनाभर सायकल हाणली की तो गाळा गोल होतो, मग कितीही आवळा. हँडल हळूहळू वळवताना बरोबर मधोमध खटकन अडकत असेल तर हेडच्या कटोरीत छर्ऱ्यांचे खड्डे पडलेत. चालतं, पण भाव करताना बोलून दाखवा.

ब्रेक तुमच्या वर्णनावरून कँटिलिव्हर दिसतात, म्हणजे मधून एक वायर येते आणि तिला आडवी छोटी वायर अडकवलेली असते. शिमानोचे व्ही-ब्रेक १९९६ मध्ये आले, त्याआधीच्या बहुतेक माउंटन बाईकवर हेच. लोक लगेच सांगतील, व्ही-ब्रेक लावून टाका. लावता येतात, पण नुसते खालचे हात बदलून भागत नाही. व्ही-ब्रेकला वायर जास्त ओढावी लागते आणि जुने लिव्हर तेवढी ओढत नाहीत. म्हणजे लिव्हरही बदला. लिव्हर आणि गिअरचा खटका एकाच पत्र्यात असेल तर गिअरचे खटकेही गेले. त्यापेक्षा आहेत तेच नीट लावा. नवे गट्टे, नवी वायर, नवं आऊटर (वायरवरचं आवरण). गट्टे घेताना मागची दांडी आट्यांची की साधी गुळगुळीत, ते जुना गट्टा हातात नेऊन दाखवा. मी स्वतः घाटात कँटिलिव्हरवरच उतरतो.

गिअरचा खटका पडत नसेल तर घाबरू नका आणि हे साहेबांना सांगूही नका. दहा वर्षं उभ्या सायकलीत खटक्यातलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. आत पेट्रोलने धुवायचं, वाळू द्यायचं, मशीनचं पातळ तेल चार थेंब. दहातले आठ जिवंत होतात. उरलेल्या दोनांना अंगठ्याचा साधा खटका लावायचा, बिनटप्प्यांचा, तो कुठल्याही डिरेलरवर चालतो.

आता हिशोब. दोन टायर, दोन ट्यूब १,४००. चेन ५००. फ्रीव्हील किंवा कॅसेट ९००. गट्टे ३००, वायर-आऊटर ४००. बीबी गेली असेल तर ८००. ओव्हरऑइलिंग, छर्रे, ग्रीस आणि मजुरी ८००. हे माझ्या दुकानचे अंदाज आहेत, वरूडला शे-दोनशे इकडेतिकडे. एकूण ५,००० च्या पुढे जातं. म्हणजे १२,००० ची सायकल दारात उभी राहीपर्यंत १७,००० ची होते, आणि ६,००० ची अकरा हजारांची. नव्या सायकलीशी तुलना करायची तर या आकड्याशी करा.

नव्यात १२,००० ला काय मिळतं? पुढे शॉकअप, जो स्प्रिंगच्या जोरावर खालीवर होतो आणि दोन पावसाळ्यांत डुगडुगायला लागतो. आत पाणी-माती गेली की तो उघडून करण्यासारखं काही नसतं. वजन जास्त. पण नवीन आहे, वॉरंटी आहे, आणि तुम्हाला हात काळे करायचे नसतील तर तेही काही चूक नाही. मग मी म्हणेन गिअरवाली घेऊच नका. तुमचा भाग सपाट, सातपुड्याच्या पायथ्याकडे गेलात तरच चढ. बिनगिअरची, बिनशॉकअपची, जाड टायरची साधी देशी सायकल घ्या आणि उरलेल्या पैशात चांगली सीट घ्या. २१ गिअर ऐकायला बरे वाटतात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक सायकलींचे वापरातले गिअर तीन असतात, बाकीच्यांवर गंज असतो.

उंची तुम्ही लिहिली नाही. सीटच्या नळीची लांबी मोजा. साडेपाच-पावणेसहा फुटांच्या माणसाला १७-१८ इंच बरी. दांड्यावर पाय टाकून उभं राहिल्यावर मधे दोन इंच तरी मोकळे हवेत, कारण पांदणीत चाक रुतलं की माणूस पुढे येतो. आणि मागच्या खाचांजवळ कॅरिअर-मडगार्डसाठी छिद्रं आहेत का बघा. जुन्या बिनशॉकअपवाल्यांना बहुधा असतात.

एक गोष्ट कुठलीच सायकल करत नाही. जुलै-ऑगस्टात काळ्या मातीच्या पांदणीत ती चालत नाही. टायर आणि चिमटा यांच्यामध्ये चिखलाचा गोळा बसतो आणि चाकच फिरत नाही, मग सायकल तुमच्यावर बसते. कँटिलिव्हरला टायरच्या वर जागा थोडी जास्त असते, एवढाच फायदा. मडगार्ड लावलेत तर तोही गेला. त्या दोन महिन्यांत डांबरी रस्त्याला सायकल लावा आणि वावरापर्यंत पायी जा, सगळे तेच करतात.

घासाघीस करताना साहेबांना दुखवू नका. मुलाने आणलेली वस्तू असेल, जीव अडकलेला असतो. टायर, चेन, गट्टे यांचा खर्च कागदावर मांडून दाखवा, माणसं समजून घेतात. बीबीखालचा फ्रेम नंबर लिहून, ‘विकली’ म्हणून सहीचा कागद आणि जुनं बिल असेल तर तेही घ्या.

गाडीत घालून आणायची तर पुढचं चाक आणि पायडल काढावे लागतील. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. यात सगळे गोंधळतात. एवढं धरा: पाना पायडलवर उभा लावा, मूठ वर. मग डावीकडचं असो की उजवीकडचं, मूठ मागच्या चाकाकडे ओढली की सुटतं.

सीटची नळी आतून आणि दोरीचं माप, एवढे दोन फोटो पाठवा. मग भाव बोलू.